कच्चं नाव

"मावशी, हे उसवून द्या."

मावशींनी शिलाई मशीनवरची मान वर केली. आवाज ओळखीचा होता, हाक परकी. दारात त्यांचे जावई उभे होते. घरी ते त्यांना आई म्हणत. पण बस डेपोत फोरमनपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, आणि आज सकाळपासून जावईही डेपोचेच झाले होते, गाड्या धुणारे मदतनीस म्हणून. अंगात नवा निळा शर्ट होता आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"काय उसवू?"

"नाव." त्यांनी खिशावर बोट ठेवलं. "हे पक्कं झालंय."

मावशींनी चष्मा सारखा करून पाहिलं, मग खिसा बोटांत धरून पुन्हा पाहिलं.

डेपोच्या कपड्यांवर नावं घालायचं काम मावशींचं होतं, आणि त्या कामाला एक रीत होती. नव्या माणसाचं नाव पहिले सहा महिने लांब लांब धावदोऱ्याने घालायचं. चार धुण्यांत ते निघून येई, मग पुन्हा घालायचं. हे कच्चं नाव. माणूस कायम झाला, की तेच नाव बारीक साखळी टाक्याने घालायचं. ते पक्कं नाव. कोण्या एका जुन्या फोरमनने ही सोय काढली होती, कारण निम्मी माणसं महिनाभरात काखा वर करून निघून जात आणि त्यांची नावं उसवता उसवता शिवणाऱ्या बाईचे डोळे फुटायची वेळ येई. फोरमन गेला, रीत राहिली. पुढे डेपोची भाषाच तशी झाली. कोणी कोणाला 'कायम झालास का' असं विचारत नसे, 'नाव पक्कं झालं का' असं विचारत. मुलगी बघायला गेलेल्या एका मेकॅनिकला म्हणे मुलीच्या बापाने सांगितलं, पुढच्या वेळी डेपोचा शर्ट घालून या. खरंखोटं देव जाणे.

जावयांच्या खिशावर साखळी टाका होता. घट्ट, सुबक, एकसारखा.

कसं झालं ते मावशींच्या लगेच ध्यानात आलं. शर्ट मापाने मोठे म्हणून बाह्या कमी करायला त्यांनी ते घरी नेले होते. बाह्या झाल्या, तसं बोलता बोलता नावंही घालून टाकली. समोर लेक भाजी निवडत होती, शेजारी नात पाढे म्हणत होती. नातीच्या दप्तरावर, लेकीच्या पिशवीवर, घरात आजवर जे काही नाव घातलं ते साखळी टाक्यानेच. घरच्या माणसांना कोणी कच्चा टाका घालतं का? डोकं गप्पांत होतं आणि हाताने घरची सवय पाळली.

"गेटवर वॉचमन म्हणाला, अभिनंदन," जावई म्हणाले. "मला वाटलं, पहिला दिवस म्हणून म्हणतोय."

"मग?"

"रॅम्पवर गेलो तर सगळे गप्प. तिथे एक जण आहे, त्याला दोनदा मुदत वाढवून कच्च्यावरच ठेवलाय. तो नुसता खिशाकडे बघत राहिला. दुसरा म्हणाला, सासू सुई धरून बसल्यावर जावई काय, आईच्या पोटातूनच पक्का."

एरवी मावशी यावर मनापासून हसल्या असत्या. जावयांचा चेहरा बघून त्यांनी हसू गिळलं.

"चुकलं हो माझं."

"चुकलं नाही, सवयीनं झालं. पण उसवा. माझ्यासाठी कोणी काही केलंय असं नको दिसायला."

"काढा शर्ट."

आता सासूसमोर बनियनवर उभं राहायचं म्हणजे पंचाईत. जावई खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खिडकीतून धुलाईचा रॅम्प दिसत होता, त्यावर अर्धी धुतलेली बस उभी होती. मावशींनी लहान कात्रीने एकेक टाका कापायला घेतला. गेलेल्या माणसांची नावं उसवायचं कामही त्यांचंच होतं. बदली झालेले, निवृत्त झालेले, काढून टाकलेले, आणि एकदोनदा मेलेलेही. कपडे स्टोअरला परत करायच्या आधी नाव निघालंच पाहिजे असा नियम होता. त्यामुळे हाताला काम नवं नव्हतं, तरी आज वेळ लागला. तिन्ही अक्षरं निघाली तेव्हा कापडावर बारीक भोकांचं नाव उरलं.

"भोकं दिसतात अजून," त्या म्हणाल्या. "धुण्यात बुजतील."

"असू देत."

मावशींनी वरून धावदोरा घातला आणि शर्ट पाठीमागूनच त्यांच्या हातात दिला.

"फोरमनसाहेब काही बोलले?"

"विचारलं त्यांनी. मी सांगितलं काय ते."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं," जावई म्हणाले, आणि बटणं लावत रॅम्पकडे गेले.

जावई मूळचे बाइंडर. शाळेतून सुटल्यापासून एकाच छापखान्यात पुस्तकं बांधत होते. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांना सेहेचाळिसावं लागलं होतं. आधी वाटलं, हातात कसब आहे, महिन्याभरात लागेल कुठेतरी. महिन्याचं वर्ष झालं. भाड्याचं घर सोडून तिघंही मावशींच्या दोन खोल्यांत राहायला आली, थोडे दिवस म्हणून. मावशींनी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला. जावयांनी त्यात कधी कपडे ठेवले नाहीत. त्यांची बॅग पलंगाखाली असे आणि लागेल तो शर्ट ते तिथूनच ओढून काढत. घरजावई हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता, पण घरात फिरताना ते अंग चोरूनच फिरत.

सकाळी जाहिराती मोठ्याने वाचायचा त्यांचा नेम होता. 'उत्साही तरुण हवेत' असं आलं की लेक म्हणायची, उत्साही तर आहात तुम्ही. मुलाखतींच्या गोष्टी ते रंगवून सांगत. एका ठिकाणी पुतण्याच्या वयाच्या साहेबाने विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? यांनी उत्तर दिलं, एक्कावन्नाव्या वर्षात. साहेब हसला नाही. दुसऱ्या ठिकाणी जायचं म्हणून केस काळे केले, तर घामाने काळा ओघळ कानामागून कॉलरवर उतरला आणि मुलाखत घेणाऱ्या बाईंनी प्रश्न सोडून हातरुमाल पुढे केला. सगळी हसायची. हसून झालं की ते उगाच उठून पाणी प्यायला जायचे आणि बराच वेळ तिकडेच थांबायचे.

म्हणून डेपोत मदतनिसाच्या जागा निघाल्याचं कळलं तेव्हा मावशींनी सांगू की नको असं आठवडाभर केलं. जावयाला गाड्या धुवायला सांगायचं? शेवटी जेवताना, भिंतीकडे बघत, सहज म्हटल्यासारखं म्हटलं. जावई म्हणाले, "पाणी गरम असतं की गार?" आणि दुसऱ्या दिवशी अर्ज देऊन आले. मावशींनी कोणाकडे शब्द टाकला नव्हता. त्यांची मान ताठ होती ती तेवढ्याचसाठी, आणि नेमका त्यांच्याच हाताने घोटाळा केला होता.

पहिले काही दिवस जावई शिवणखोलीकडे फिरकले नाहीत. मग एका दुपारी डब्यांची अदलाबदल झाली. लेकीने घाईत आईचा डबा नवऱ्याच्या पिशवीत घातला होता. बदलायला म्हणून ते आले आणि तिथेच कापडांच्या गठ्ठ्यावर बसून जेवले. त्यानंतर रोजच येऊ लागले.

बोलणं काय, रोजचंच. नातीला गणितात किती मिळाले. लेक औषधांच्या दुकानात उभी असते, तिचे पाय सुजतात, तिला एक स्टूल का देत नाहीत. कोणत्या ड्रायव्हरच्या गाडीत सगळ्यांत जास्त कचरा निघतो. एका कंडक्टरचं आडनाव इतकं लांब होतं की ते खिशाला वळसा घालून काखेत जायचं. मावशी म्हणत, "आडनाव घेताना यांच्या पूर्वजांनी शिवणारणीचा विचार करायला हवा होता." जावई डोळे पुसेपर्यंत हसले. बरं वाटलं मावशींना. या माणसाला पाणी प्यायला न जाता हसताना त्यांनी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

असंच एकदा डबा झाकताना त्यांची नजर मावशींच्या एप्रनवर गेली.

"तुमचं नाव कच्चं कसं?"

एप्रनच्या खिशावर खरंच धावदोरा होता, आणि मधलं एक अक्षर धुण्यात अर्धं निघालेलं होतं.

"मला जिनं काम शिकवलं ना, ती करणार होती पक्कं. माझे सहा महिने भरायच्या आत ती आजारी पडली, परत आलीच नाही. मग राहिलं ते राहिलंच."

"तुम्ही घालायचं होतं."

"आपलं नाव आपण पक्कं करायचं नसतं."

"असं कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आपणच आपली पाठ थोपटल्यासारखं दिसतं ते. धुतलं की निघतं, मी पुन्हा घालते. बिघडलं काय? नोकरी तर झाली ना पक्की."

जावयांनी एप्रनची कड दोन बोटांत धरून कापडाचा पोत पाहिला, पुस्तकाचा कागद पाहावा तसा, आणि डबा घेऊन गेले.

मावशींच्या निवृत्तीला थोडेच आठवडे उरले होते आणि जावयांचे सहा महिने त्याच सुमाराला भरत होते. एका सकाळी सुई मोडली म्हणून मावशी शेजारच्या स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअरकीपर नियमाचा पक्का. मोडक्या सुईचे दोन्ही तुकडे समोर ठेवल्याशिवाय तो नवी सुई काढत नसे. तुकडे जुळवून बघता बघता तो म्हणाला, "तुमच्या जागेवर कोणी येणार नाही म्हणे. नावाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या येणार. चिमटा दाबला की लागली, चिमटा काढला की निघाली."

"बरंय की. डोळे वाचले."

"जावयाचं मात्र अवघड दिसतंय. फोरमन म्हणतो, काम चांगलं आहे, पण माणूस घाईचा. पहिल्याच दिवशी नाव पक्कं करून मागतो म्हणजे काय?"

"मागतो? कोण मागतो?"

"त्यानंच सांगितलं ना फोरमनला. मावशींचा दोष नाही, मीच त्यांना पक्कं घालायला लावलं म्हणून."

मावशी नवी सुई तिथेच विसरून आल्या.

संध्याकाळी घरी जावई पलंगाखालची बॅग ओढत होते, तेव्हा मावशींनी दार लोटून घेतलं.

"तुम्ही फोरमनला असं का सांगितलंत?"

जावयांना समजायला एक क्षण लागला. "मग काय सांगणार होतो? इतक्या वर्षांत तुमच्या कामाला कोणी नाव ठेवलं नाही. जाता जाता माझ्यापायी कशाला?"

"आणि तुमची नोकरी?"

"मला नोकरी न मिळायची सवय आहे, आई."

ते सहज म्हणाले, गमतीनेच. पण मावशींना ते ऐकवलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पदराने डोळे पुसून लेकीला म्हणाल्या, कांदा फार तिखट आहे. लेक म्हणाली, आई, आज कांदा नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फोरमनच्या केबिनमध्ये उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"साहेब, ते नाव त्यांनी मागितलं नव्हतं. माझा हात चुकला."

फोरमनने हातातला पाना खाली ठेवला. "तुमचा हात चुकलेला मी तरी कधी पाहिला नाही."

"मीही नव्हता पाहिला. घरी नेऊन शिवलं, घरच्यासारखं शिवलं गेलं. डेपोचा शर्ट आहे हे डोक्यातच राहिलं नाही."

"मग तो तसं का बोलला?"

"सासूची चूक जावई कसा सांगणार? मध्ये लेक आहे."

"म्हणजे खोटं बोलला."

"बोलले. पण खोटं बोलून माणूस काहीतरी पदरात पाडून घेतो. यांनी काय घेतलं ते तुम्हीच बघा."

फोरमन कपाळ खाजवत बसला. बाहेर कोणीतरी इंजिन सुरू करून पाहत होतं, ते धडधडून बंद पडलं.

"बघू," तो म्हणाला.

'बघू' या शब्दाचे अर्थ मावशींना ठाऊक होते, आणि त्यांतले बरेचसे चांगले नव्हते. पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. भाजीत मीठ दोनदा पडलं. मशीनचा पट्टा उलटा चढवला. रात्री जेवताना जावईच त्यांना म्हणाले, "आई, जेवा नीट. गरम पाणी, गार पाणी, कुठेतरी गाड्या धुतच असतील."

फोरमन शिवणखोलीत कधी येत नसे. त्या दिवशी आला. दाराची चौकट त्याच्या डोक्याला लागली, म्हणून आधी चौकटीवर चिडला आणि मग म्हणाला, "रॅम्पवरच्या दोघांना पाठवतो. नावं पक्की करायची आहेत."

"दोघांना?"

"तो दुसरा कधीचा लटकलाय, त्याचंही करून टाकू. तुम्ही गेल्यावर पट्ट्याच येणार, मग पक्कं काय नि कच्चं काय."

दोघं आले. जावई म्हणाले, "आधी यांचं घाला, हे कधीचे थांबलेत." शर्ट अंगात घातल्यावर तो माणूस खिशावरून अंगठा फिरवत राहिला आणि जाताना मावशींच्या पाया पडायला वाकला. मावशींनी त्याला दंडाला धरून वर उठवलं.

मग जावयांचा शर्ट. धावदोरा ओढताच निघून आला. खालची भोकं इतक्या धुण्यांनीही पुरती बुजली नव्हती. मावशींनी सुई त्याच भोकांतून घातली, आणि तीन अक्षरं व्हायला वेळच लागला नाही. जावई खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते का वळत नव्हते हे मावशींना कळत होतं, म्हणून दोरा तोडल्यावरही त्या जरा वेळ उगाच टाके चाचपत बसल्या.

त्या रात्री पलंगाखालची बॅग रिकामी झाली. कपाटात शर्ट लावताना जावयांनी नातीला विचारलं, "हा कप्पा माझा ना गं?" ती म्हणाली, "कधीचाच."

शेवटच्या दिवशी मावशींना नारंगी फुलांचा हार घातला, चहा झाला, फोरमन दोन वाक्यं बोलला आणि तिसऱ्याला अडखळला. सगळे आपापल्या कामाला गेल्यावर जावई मागे राहिले. त्यांच्या हातात बाइंडिंगच्या काळातला पत्र्याचा डबा होता.

"एप्रन द्या."

"कशाला?"

"द्या हो, आई."

डेपोत त्यांनी पहिल्यांदा आई म्हटलं होतं. मावशींनी एप्रन काढून दिलं. जावयांनी डब्यातून जाड सुई काढली, दोरा मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढला आणि स्टुलावर बसले. साखळी टाका त्यांना येत नव्हता. पुस्तकाच्या पाठीला घालतात तसला टाका त्यांनी घातला, प्रत्येक टाक्याला आत गाठ मारत. अक्षरं मावशींच्या अक्षरांइतकी गोल नव्हती, थोडी चौकोनी होती. मावशी समोर बसून स्वतःचं नाव होताना पाहत होत्या. आपल्याला इतकं बरं वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"आता शेवटच्या दिवशी काय उपयोग?" त्या म्हणाल्या.

"उपयोगाचं कोण बोलतंय?" जावयांनी दातांनी दोरा तोडला. "घाला."

ते रॅम्पवर गेले. मावशींनी एप्रन अंगात घातलं, खोली झाडली, मशीनवर कापड झाकलं, मग एप्रन काढून घडी घातली आणि स्टोअरमध्ये नेऊन दिलं. कात्री, फूटपट्टी, सुयांची डबी, सगळं स्टोअरकीपरने पाहून घेतलं. एप्रन उलगडल्यावर तो थांबला.

"मावशी, नाव उसवून द्यावं लागेल. नियम तुम्हाला माहीत आहे."

मावशींनी टेबलावरची लहान कात्री उचलली. पहिल्या अक्षराच्या टाक्याखाली तिचं टोक घातलं. मेणाचा दोरा कापडाला घट्ट धरून बसला होता. त्यांनी हात तसाच ठेवला, आणि मग कात्री टेबलावर परत ठेवली.

"हे काम माझं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या जागेवर जी येईल, तिला सांगा उसवायला."

स्टोअरकीपरने त्यांच्याकडे पाहिलं. मग पट्ट्यांच्या खोक्याकडे पाहिलं, सकाळीच येऊन पडलेलं ते खोकं अजून उघडलेलं नव्हतं.

"सांगतो," तो म्हणाला.

त्याने एप्रन घेतलं, शिवणखोलीत जाऊन मशीनमागच्या खिळ्याला लावलं आणि खिसा पुढे येईल असं सारखं केलं. मावशींनी पिशवी खांद्याला लावली. रॅम्पवर जावई बस धूत होते, त्यांना त्यांनी सांगितलं की संध्याकाळी लवकर या, आणि त्या घरी गेल्या.